अंगणात पीच लावू नये म्हणे

२३ मार्च

आणली! शेवटी आणलीच! पीचची दोन रोपं. रोपं कसली, काड्याच! मुळं ओल्या पेंढ्यात गुंडाळलेली, वर पानाचा पत्ता नाही. बसमध्ये मांडीवर आडवी घेऊन आले, तर शेजारची बाई म्हणते, "काठ्या कशाला विकत घेता हो, डोंगरात ढीगभर पडल्यात!" म्हटलं, तीन वर्षांनी फळं खायला या, मग बोलू काठ्यांबद्दल.

बुसानला अख्खा जन्म तिसऱ्या मजल्यावर गेला. गॅलरीत मिरचीच्या दोन कुंड्या, एवढीच आमची शेती. गी-वान ड्रायव्हरकीतून निवृत्त झाले, आम्ही त्यांच्या गावी सासूबाईंकडे राहायला आलो, तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं की अंगण मिळालं की पहिलं झाड पीचचं. इथे गामगोकला डोंगरच्या डोंगर पीचच्या बागांनी भरलेत. आणि गंमत बघा, गावात एकाही अंगणात पीच नाही! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, त्यातलंच.

गी-वाननी खड्डे खणले. खणता खणता म्हणाले, "अंगणात का?"

म्हटलं, "मग काय छपरावर लावू?"

पुन्हा खणायला लागले. खड्डे कुठे घ्यायचे ते मी आधीच सासूबाईंना विचारलं होतं. उजव्या कानाशी जाऊन ओरडावं लागतं, डावा कधीचाच कामातून गेलाय. त्यांनी हनुवटीनं फाटकाकडे दाखवलं. एक या अंगाला, एक त्या. ऊनही तिथेच भरपूर. म्हातारीला बरोबर कळतं सगळं.

बाजारातल्या रोपवालीनं बजावलं होतं: कलमाची गाठ मातीत गाडायची नाही, आणि लावल्याबरोबर कंबरेएवढं ठेवून वरचं छाटून टाकायचं. छाटायचं! इतक्या हौसेनं आणलं आणि मुंडकंच उडवायचं! माझा हात होईना. गी-वाननी तोंड वळवून कात्री चालवली. मग बादलीमागून बादली ओतली, काठीनं चिखल ढवळला, मुळांजवळ पोकळी राहू नये म्हणून. माझी पँट, बूट, केस, सगळं चिखल. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. रात्रीचं जेवण मी काय जेवले आठवत नाही.

२४ मार्च

सकाळपासून कितीदा जाऊन पाहिलं. काड्याच आहेत.

७ एप्रिल

फुटली! डाव्या काडीला खालच्या अंगाला हिरवा ठिपका, मुगाएवढा. मी ओरडले ते गी-वान दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावत आले. त्यांना वाटलं सासूबाई पडल्या! "एवढंच?" म्हणे. एवढंच? मेलेल्या काडीतून जीव बाहेर आला आणि म्हणे एवढंच!

डावीचं नाव थोरली, उजवीचं धाकटी. दोघींना नावानं हाक मारायची असं ठरवलंय. कोणी ऐकत नसताना.

१४ एप्रिल

धाकटीनं तर कमालच केली. अजून नीट पानं नाहीत आणि तीन फुलं! सगळं खोरं गुलाबी झालंय, डोंगरावर नजर ठरत नाही, पण मला काय त्याचं. माझ्या अंगणात तीन आहेत.

सोल-बीला फोटो पाठवला. ऑफिसातून उत्तर आलं: "आई, यात झाड कुठंय?" कार्टी.

रोपवाली म्हणाली होती, पहिल्या वर्षी फळ धरू द्यायचं नाही, फुलंच खुडायची, म्हणजे ताकद मुळांना जाते. दोन खुडली. तिसरं नाही खुडवलं. संध्याकाळी वाऱ्यानंच नेलं. बरं झालं, पाप वाऱ्याच्या माथी.

१९ एप्रिल

आज घरात रामायण, महाभारत, सगळं एकदम. आतेसासूबाई आल्या. सासऱ्यांची धाकटी बहीण, हिवाळाभर मुलाकडे इंचनला होत्या, कालच परतल्या. वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांचा डबा घेऊन फाटकातून आत शिरल्या, आणि डबा हातातून खालीच!

"अगं सूनबाई! ही काय अवदसा आठवली तुला? घराच्या आत पीच?"

मला वाटलं, जागा अडवली म्हणून चिडल्या. मी कौतुकानं म्हणते कशी, "ही थोरली आणि ही..."

"जळलं तुझं थोरली-धाकटी! पीच म्हणजे भुताखेतांचा काळ. जिथे पीच तिथे मेलेलं माणूस पाऊल टाकत नाही, मग ते भूत असो की आपले पितर. जूनमध्ये दादाचं श्राद्ध. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी उभे केलेस! माझा दादा आत येणार कसा?"

श्राद्धाच्या पानात पीच वाढत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, सगळ्या देशाला ठाऊक आहे. पण झाडसुद्धा चालत नाही हे बुसानच्या तिसऱ्या मजल्यावर कोण सांगणार होतं? आत्ता कळलं, शेजारच्या बायका फाटकाशी थबकून "झाड लावलंत वाटतं" असं का म्हणायच्या. आणि गी-वानचं ते "अंगणात का?"! या मुलखातल्या माणसांचं "का" म्हणजे "नको" असतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. सरळ बोलायला जिभेला काय फोड येतात?

हुकूम असा सुटलाय: श्राद्धाच्या आत झाडं बाहेर. चौदा जूनला श्राद्ध आहे. गी-वान म्हणाले, "बघू." सासूबाई खाली सांडलेल्या वड्या वेचून, फुंकर मारून खात होत्या. त्यांच्या नवऱ्याचा प्रश्न, आणि ऐकू तरी आलं की नाही देव जाणे.

२० एप्रिल

नाही उपटणार. लिहून ठेवते.

२ मे

वीतभर वाढल्या! दोघीही! पानं लांब, चकचकीत, जिभेसारखी. रोज सकाळी चहाआधी दोघींची तपासणी. एक पान गुंडाळलेलं होतं, ते काढून जाळलं. मुंग्या दिसल्या म्हणजे मावा असणार म्हणून उलटसुलट पाहिलं, होताच. बोटांनीच चिरडला. गी-वान म्हणतात, आमच्या सोल-बीच्या डोक्यातल्या उवा तू कधी इतक्या मन लावून काढल्या नाहीस. खोटं आहे. काढल्या होत्या.

पाणी घालणं हे एक शास्त्रच आहे. भसाभस ओतायचं नाही. खोडाला लागू द्यायचं नाही. आळ्याच्या कडेकडेनं, हळूहळू, माती "पुरे" म्हणेपर्यंत, आणि मग आठवडाभर हात आखडता. पुढच्या वेळी आधी बोट खुपसून बघायचं, दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच. पीचला कोरडा घसा चालतो, ओले पाय चालत नाहीत, असं रोपवाली म्हणाली.

आतेसासूबाई रोज ज्येष्ठांच्या चावडीवर पत्ते खेळायला जाताना फाटकातून डोकावतात आणि "अजून आहेतच का" म्हणतात.

१० मे

काहीतरी बिनसलंय. थोरलीची खालची पानं पिवळी. धाकटी मान टाकून. ऊन जास्त झालं असेल. तहानल्या असतील बिचाऱ्या. आज वारापाळी मोडून दोन-दोन बादल्या घातल्या.

१२ मे

आणखी पिवळ्या. धाकटीची पानं हात लावला की गळतात. जेवण जात नाही.

१३ मे

बाजाराचा दिवस. गळलेली पानं आणि आळ्यातली मूठभर माती पिशवीत घालून रोपवालीकडे नेली. तिनं माती हातात दाबली, बोटांतून पाणी निघालं. "बाई, तुम्ही झाडं वाढवताय की बुडवताय?"

"आठवड्यातून एकदा घालते हो! परवा एकदाच काय ते जास्त!"

"एकदाच्यानं असं होत नाही. मग दुसरं कुणीतरी घालतंय."

दुसरं कुणीतरी! माझ्या डोक्यात वीज चमकली: आतेसासूबाई! रोज डोकावतात त्या उगीच नाही! म्हातारी उघड कापत नाही, गुपचूप बुडवून मारतेय. किमचीच्या कोबीचं मिठाचं पाणी ओतत असली तर? घरी आले, फाटक लावलं, आणि आळ्यातली चिमूटभर माती तोंडात टाकून बघितली.

खारट नाही. नुसती मातीच. गी-वान ओट्यावर उभे राहून बघत होते. "भूक लागली असेल तर भात आहे," म्हणाले.

जाता जाता रोपवालीला अंगणाचं आणि पितरांचं सांगितलं होतं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही घरात लावणार हे मला काय ठाऊक! सगळे मळ्यातच लावतात!"

१७ मे

चोर सापडला. अरे देवा, चोर सापडला!

दवाखान्यात जाते असं मोठ्यानं सांगून निघाले आणि मागच्या बोळातून परत आले. अंगणाच्या कोपऱ्यात सोयाबीन आंबवायचे मोठाले रांजण आहेत, त्यांच्यामागे दबा धरून बसले. गुडघे आखडले. आतेसासूबाईंची वाट बघतेय, आणि दार उघडून कोण बाहेर यावं? सासूबाई! आमच्या सासूबाई! चालताना आधाराला ती जुनी बाबागाडी ढकलतात ना, तिच्यात माक्कोल्लीच्या, तांदळाच्या दारूच्या, रिकाम्या बाटल्या, पाण्यानं भरलेल्या, बाळासारख्या निजवलेल्या. फाटकापर्यंत गेल्या. थोरलीला एक बाटली. धाकटीला एक. आणि बोलत होत्या! आमच्याशी दिवसाकाठी चार शब्द न बोलणारी बाई झाडांशी बोलत होती! "प्या गं. भराभर प्या. मोठ्या व्हा. लवकर व्हा."

मी रांजणामागून उठले तर इतक्या दचकल्या, की बाटलीच छातीशी धरली. चोरून साखर खाताना पकडलेल्या पोरीसारखं तोंड. मला रागावायचं होतं. रडूच आलं. जवळ जाऊन उजव्या कानात म्हटलं, "आई, इतक्या पाण्यानं मरतील त्या."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मरतील?"

"मरू देणार नाही मी. पण आता तुम्ही घालू नका, मी सांगेन तेव्हाच."

झाडाकडे बघत म्हणाल्या, "एवढंसं तर आहे. पुरेल का गं?"

"पुरेल म्हणजे? दोन झाडांची फळं घराला पुरून उरतील! तीन वर्षं फक्त दम धरा!"

तेव्हा हसल्या. दात नसलेलं तोंड उघडून हसल्या. या घरात आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. म्हणजे एवढे दिवस ही म्हातारी पीच खायच्या आशेवर आहे, आणि कुणाला पत्ता नाही! ठरलं तर मग. आता तर मी अजिबात उपटू देणार नाही. सासूबाईंना त्यांच्या झाडाचं पीच खायला घालीन तेव्हाच थांबेन.

१८ मे

गी-वाननी फाटकाच्या दोन्ही बाजूंना चर खणले. आळ्यात अंथरलेला पेंढा काढून टाकला, माती मोकळी केली, ऊन लागू दिलं. माझंही पाणी पूर्ण बंद. सासूबाई बाबागाडीवर बसून देखरेख करतात. आतेसासूबाईंवर विनाकारण आळ घेतला. अर्थात मनातल्या मनातच, त्यामुळे माफी मागायचा प्रश्न येत नाही.

२६ मे

थोरली सावरली. शेंड्याला ताजी पालवी. धाकटी मात्र अगदी बोडकी. गी-वान म्हणाले, "ती गेली." मी नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवं! ओलं हिरवं! सासूबाईंना हात धरून आणलं, दाखवलं. त्यांनी त्या हिरव्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

१ जून

धाकटीला कोंब! एक नाही, पुष्कळ! मी अंगणातच नाचले. सासूबाईंनी बाबागाडीच्या दांड्यावर ताल धरला. खरंच धरला!

आता त्यांना बोटाची परीक्षा शिकवलीय. रोज सकाळी काठी बाजूला ठेवून वाकतात, माती चाचपतात आणि गंभीरपणे सांगतात, "आज नको." डॉक्टरीणबाई!

६ जून

आनंदावर विरजण. आतेसासूबाई बसूनच राहिल्या. म्हणाल्या, श्राद्ध आठवड्यावर आलं, झाडं काढताय की नाही.

मी म्हटलं, "आत्याबाई, मामंजींची कबर त्या डोंगरावर. भोवती काय आहे? पीचच्या बागा! कबरीतून उठून घराकडे यायचं तर एवढी झाडं ओलांडूनच येणार ना? मग या दोन काड्यांना घाबरतील?"

"मळा वेगळा, उंबरा वेगळा! फार शहाणी आहेस."

"मग यंदा कबरीवरच पान वाढू."

"घर असताना माझ्या दादानं डोंगरावर बसून जेवायचं? भिकाऱ्यासारखं?"

गी-वान मध्ये पडतील म्हणून मी बघतेय, तर ते आपल्या पायमोज्याचं भोक न्याहाळत होते. त्या गेल्यावर माझा तोल सुटला. तर म्हणतात, "काढून कुंडीत ठेवू."

"भर पानावर असताना? उपटलं की मेलंच ते! रोपवालीला विचारा!"

"वर्षातून एक दिवस येतात बाबा."

"आणि तुमची आई वर्षभर इथे असते! तिला पीच खायचेत! तिचं काय?"

यावर माझ्याकडे चमकून बघितलं. उठून चरातली माती साफ करायला गेले. या माणसाच्या पोटात काय काय असतं कोण जाणे. वडिलांबद्दल कधी विचारलं तर "कडक होते" एवढंच. आमच्या लग्नाआधीच वारले, मी फक्त फोटो पाहिलाय.

११ जून

बोलणं बंद आहे. धाकटीला आज पाणी घातलं. तिला काय ठाऊक.

१३ जून

गी-वाननी आतेसासूबाईंना निरोप दिला: "तुम्हीच येऊन कापा. माझ्यानं होणार नाही." म्हणजे स्वतःचा हात स्वच्छ! मी दिवसभर भांडी आपटली. एक बशी फुटली. चांगली होती.

१४ जून

पहाटेपासून चुलीशी. मासा तळला, कोहळ्याची धिरडी झाली, तांदळाच्या वड्या वाफेवर आहेत, फर्नच्या सुकवलेल्या कोंबांची भाजी भिजतेय. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी एवढं रांधते, आणि त्याच्यापायी माझी झाडं जायची!

मी ठरवलंय. मासळीवालीची पोर आहे मी. बंदरावर आईबरोबर बसून भांडायला शिकलेय. दोघींच्या पुढे जाऊन उभी राहणार. आधी मला कापा म्हणणार. मग गावात बोभाटा झाला तर होऊ दे. मोठी हुशारी वाटतेय! सासूबाईंच्या त्या बोळक्या हसण्यासाठी एवढं तर करीनच.

त्या मात्र आज भलत्याच कामात. नवा लसूण आलाय, तो सोलायला घेतलाय. आणि बसायचं कुठे, तर म्हणे फाटकाशीच. म्हटलं, आई, तिथे ऊन आहे. ऐकू न आल्यासारखं केलं. स्टूल, टोपलं, सगळं तिथे नेऊन दिलं.

फाटक वाजलं. आल्या वाटतं.

१५ जून

करवत वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. मी हात पुसत धावले, पण माझी पाळी आलीच नाही. सासूबाई फाटकात, दोन्ही झाडांच्या मधोमध, स्टुलावर. उठेचनात.

"वहिनी, सरका बाजूला. ही झाडं असली तर दादा आत येणार कसा?"

"नाही यायचे, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर पाणी घालते मी."

आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. पीच त्यांना मुळी आवडतच नाहीत, अंगाला खाज सुटते, असं गी-वाननी मला नंतर सांगितलं. ते ओट्यावर उभे होते आणि आईकडे बघून लहान मुलासारखे रडत होते. आतेसासूबाईंनी करवत खाली ठेवली, सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या, टोपल्यातला एक गड्डा उचलला. तो सोलून झाल्यावर म्हणाल्या, "दादाचा हात फार वाईट होता."

श्राद्ध झालं. ताट फाटकाबाहेर रस्त्यावर मांडलं. आतेसासूबाईंनीच नेऊन ठेवलं.